एक घर, एक पत्ता

सोमवार, ४ मार्च. संध्याकाळ
नेट अडखळतंय. शुक्रवारी हिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. बारा वर्षांनी नोकरीसाठी अर्ज केलाय, त्यामुळे घरात तंग वातावरण. ही म्हणाली, नेटवाल्याला बोलवा. म्हटलं, घरात मी असताना? संकल्प: इंटरनेट मुळापासून शिकणे. लायब्ररीतून पुस्तक आणलं. इंटरनेटचे सात थर असतात. दिवस चार. रोज पावणेदोन थर. आरामात.

मंगळवार, ५ मार्च
पहिला थर म्हणजे वायर. वायर काय वाचायची? दिसतेच. दुसरा त्याचाच भाऊ वाटला. दोन थर संपले. वेळेच्या पुढे आहे.

बुधवार, ६ मार्च
चौथा थर सुसंस्कृत. माहितीचे तुकडे पाठवायचे, प्रत्येक तुकड्याची पलीकडून पोच येते. नाही आली तर पुन्हा पाठवायचं. घरी प्रयोग केला. हॉलमधून ‘चहा’ चार वेळा पाठवला. पोच नाही. आत जाऊन विचारलं. ही म्हणाली, चारही वेळा पोचला.

गुरुवार, ७ मार्च. रजा टाकली
चुकून राहिलेला तिसरा थर उघडला आणि बिघाड सापडला! इथे पत्ते असतात. राउटरच्या सेटिंगमध्ये बघतो तर एकाच घरात लॅपटॉपचा पत्ता वेगळा, माझ्या फोनचा वेगळा, हिच्या फोनचा तिसराच. टपाल चुकणार नाही तर काय! पत्ते आपोआप वाटायची सोय बंद केली. सगळ्यांना स्वहस्ते एकच पत्ता दिला. ही म्हणाली, पण चालू आहे का? म्हटलं, पत्ते मुरायला वेळ लागतो.

शुक्रवार, ८ मार्च. सकाळी १०.४०
नेट ठार बंद. आधी अडखळत तरी होतं. ही लॅपटॉप काखोटीला मारून वरच्या काकूंकडे गेली. बारा वर्षांपूर्वीचा निळा शर्ट इस्त्री करून घातला होता. छान दिसत होती. सांगायचं राहिलं.

शनिवार, ९ मार्च
हिला नोकरी मिळाली! घरात अभ्यासाचं वातावरण होतं, त्याचा वाटा असणारच.
हिने परस्पर नेटवाल्याला बोलावलं. त्याने राउटर लोखंडी कपाटामागून काढून टेबलावर ठेवला. मग पत्ते पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. पाच मिनिटांत सगळं सुरू. बिघाड कुठल्या थरात, मी जाणकारासारखं विचारलं. म्हणाला, आठव्या. म्हटलं, पुस्तकात सातच आहेत. तो म्हणाला, सात मशीनमध्ये, आठवा मशीनसमोर खुर्चीत बसतो. ही हसता हसता भिंतीला टेकली.
तो गेल्यावर मी खुर्चीतून उठलो आणि नीट पाहिलं. खुर्चीत कुणीच नव्हतं.