कमानपाट्याचा विळा

निपाणी, गुरुवार, जानेवारी १९४६

हिच्या पाटल्या मोडून बेळगावच्या लिलावात घेतलेली लष्कराची मोडकी लॉरी आज पुरती सुटी झाली. टायर चपला शिवणाऱ्यांनी नेले, पत्रा बादल्या करणाऱ्यांनी. चाकांवरचे, धक्के झेलणारे कमानपाटे तेवढे कुणी घेईना. महिनाभर ही माझ्याशी धड बोलली नव्हती.

शेवटी एक पाटा लोहारीण गंगाक्काला दिला. तिनं तापवून त्याचा तंबाखू कापायचा विळा केला. म्हणाली, "आप्पा, असलं पोलाद लई दिसांत बघितलं न्हाय. समदे पाटे मलाच द्या."

दिले. विळा आणि पाट्यांचे पैसे घेऊन घरी आलो. हिनं धारेवरून अंगठा फिरवला. आता तरी बोलेल का?

"बेळगावात अजून लॉऱ्या हाईत न्हवं? मग उद्याच जावा की!"