नदीत भिजवलेली चाकं

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्ही होतात तोवर मलाही नीट येत नव्हतं. वाण्याकडच्या पुडीचे छापील कागद सरळ करून मी अक्षरं जुळवत बसायचे. तुम्ही रंधा थांबवून विचारायचात, ‘काय म्हनतो गं कागद?’ अडलं की मी मनचंच काहीतरी सांगायचे आणि तुम्ही मान डोलवायचात. आज मनचं काही नाही. तोंडावर मी तुम्हाला ‘तू’च म्हणत आले, कागदावर मात्र तसं लिहवत नाही.

ती मोटार भिसेगावात पहिल्यांदा आली तो दिवस आठवतो. खालापूरच्या वाटेवर बंगला असलेल्या मुंबईच्या शेठनं नवी गाडी घेतली आणि जुनी यांना स्वस्तात दिली, कारण सहा वर्षं तीच गाडी हे हाकत होते. बंद डब्याची, मखमली गाद्यांची, पितळी दिव्यांची. मागं बसणाऱ्यानं ड्रायव्हरशी बोलावं म्हणून नळी, आणि खिडकीशी फुलं ठेवायचं चांदीचं नळकांडं. सगळी आळी भोवती जमली होती. तुम्ही मात्र हातात तासायचा वाकस घेऊन एक फेरी मारलीत, वाकून खाली पाहिलंत आणि म्हणालात, ‘शेठनं तुमाला गाडी नाय दिली, जावईबापू. दुखणाईत म्हातारा दिलाय सांभाळाय.’ हे हसले. ‘म्हातारा हाय मामा, पण घराण्यातला हाय.’ ‘मंग खानं बी घराण्यातलंच मागंल,’ तुम्ही म्हणालात.

आणि ते तसंच झालं. स्टेशनवरची सवारी, लग्नाचा नवरदेव, कचेरीत जाणारा एखादा सावकार, जे मिळायचं ते गाडीच खायची. तिचा टायर मुंबईहून यायचा, आणि तेवढ्या पैशात एक बरा बैल आला असता. पुढची पाण्याची टाकी गळायला लागली तेव्हा नवी मागवायची ऐपत नव्हती, म्हणून कुणीतरी सांगितलं तसं मी नाचणीचं पीठ कालवून तिच्यात ओतलं. भोक बुजलं, पण गाडी तापली की आंबिलीचा वास सुटायचा. शेजारची काकू फाटकातून ओरडायची, ‘काय गं, तुजी मोटार बाळंतीन झाली का?’ पावसाळ्यात इंजिन पेटवणारा ठिणगीचा डबा ओलावून मुका व्हायचा, मग तो फडक्यात गुंडाळून चुलीच्या कडेला. एका बाजूला भात, एका बाजूला मोटारीचं काळीज, असं मी दोन पावसाळे शिजवलं. मखमलीत उंदरांनी घर केलं. नळीतून बोललेलं ऐकू येईना. एक दुरुस्त करावं तर दुसरं उठायचं. मला वाटायचं, ही गाडी आपल्याला जोखते आहे. आपण कुठवर पुरतो ते बघते आहे.

चाकं तेवढी तुमच्या ओळखीची होती. लाकडी आरे, कडेनं गोल लाकडी पाट्या, वर लोखंड, मग टायर. चैत्राच्या उन्हात ती वाळली आणि आरे मधल्या तुंब्यात खडखडू लागले, तेव्हा तुमचा चेहरा उजळला होता, खरं सांगते. सगळ्या मोटारीत ही एक गोष्ट अशी होती की जिच्याबद्दल जावयानं तुम्हाला विचारावं. बैलगाडीची ढिली चाकं उन्हाळ्यात नदीत घालतात, लाकूड फुगतं, वरची लोखंडी धाव घट्ट बसते. आपल्याकडं हे लहान पोरांनाही ठाऊक. हे कचरले. ‘मामा, ही बैलगाडी न्हाय.’ तुम्ही म्हणालात, ‘लाकूड ते लाकूडच.’ चारही चाकं दोन दिवस उल्हासच्या डोहात दगडाखाली पडून राहिली, एक दिवस सावलीत. बसवल्यावर गाडी अशी गुपचूप चालली की आळीतल्या लोकांनी तुमची पाठ थोपटली.

पहिलं भिजवणं वर्षभर पुरलं. दुसरं दिवाळीपर्यंत. तिसरं दोन महिने. हे मला दिसत होतं. तुम्हालाही दिसत असणार. पण कुणी तोंडातून काढलं नाही, आणि चाकं पुन्हा डोहात गेली.

त्या वैशाखात परवावर एका लग्नाची सवारी आली होती. मुलाकडचे कर्जतचे, मुलगी खालापूरकडची. मी गाडी पुसत होते. तुम्ही लहानपणी शिकवलं होतं तसा मी सहज बोटाच्या पेरानं आरा वाजवून पाहिला. ‘भरीव वाजला तं जिता, पोकळ वाजला तं मेला,’ हे तुमचंच. मागच्या उजव्या चाकाचे तीन आरे पोकळ वाजले. ढकललं तर हलले. मी यांना बोलावून दाखवलं. यांनी खाली बसून तिन्ही आरे हलवून पाहिले. मग म्हणाले, ‘मामांना बोलू नको. ते चाक काडतील, तीन दिवस गेले. नवरदेवाला काय खांद्यावर नेऊ?’ मी म्हटलं, ‘आवाज बरा नाय ओ.’ ‘लगीन होऊ दे, मग त्यांच्याच हवाली करतो.’ मी फडकं पुन्हा उचललं आणि तुम्हाला सांगायला आले नाही.

लग्नाच्या सकाळी तुम्ही अंगणात नांगर तासत होतात. गाडी तुमच्या समोरून गेली. वाकसाचे घाव चालू होते म्हणून तुम्हाला कळलं नाही. मी दारात उभी होते. वळणापर्यंत मला ऐकू येत होतं, दर फेऱ्याला एकदा, कट्… कट्.

नवरदेव पोचला. परतताना, रिकाम्या गाडीत, पळसदरीच्या उतारावर चाक मोडून बसलं. यांना बैलगाडीतून आणलं. तिची चाकं तुमच्या हातची होती, आणि ती वाजत नव्हती.

तेराव्यानंतर तुम्ही एकटेच तिकडं जाऊन मोडके आरे धोतरात बांधून आणलेत. अंगणात एकेक मांडलात. मग मला हाक मारलीत. ‘पोरी, खरं सांग. आदी काय आवाज येत व्हता का?’

मी म्हटलं, ‘नाय.’

तुम्ही एक आरा उचलून उलटा करून पाहिलात. मग म्हणालात, ‘न बोलता मोडलं म्हंजे त्यातला जीव मीच काडला व्हता.’ त्या दिवसानंतर तुम्ही चाक केलं नाही. दाराच्या चौकटी केल्यात, पाट केलेत, माणसं लांबून चाकासाठी आली तर परत पाठवलीत. दोन वर्षं तशी काढलीत आणि गेलात.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. परवा शाळेच्या मास्तरांकडून मोटारीची निगा कशी राखावी अशी एक पुस्तिका मिळाली, ती अडखळत वाचली. मोटारीची लाकडी चाकं भिजवू नयेत, असं तिच्यात आहे. फुगलेलं लाकूड स्वतःलाच चेंगरतं आणि वाळलं की आधीपेक्षा ढिलं होतं. म्हणजे तुमच्या हातून चूक झाली होती, हे खरंच. पण ते चाक न बोलता मोडलं नव्हतं, बाबा. त्यानं दोन दिवस आधी सांगितलं होतं, आणि ते ऐकायचा कान तुम्हीच मला दिला होता. मी एक शब्द बोलले असते तर तुम्ही चाक काढलं असतं. निदान अंगणात ‘हो’ म्हटलं असतं, तर तुमच्या पदरातलं अर्धं तरी माझ्याकडं आलं असतं. ते मी सगळं तुमच्याकडंच राहू दिलं.

हा कागद कुठं जायचा नाही, म्हणूनच इतकं लिहिता आलं. एक उरलं. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, ते खोटं नव्हतं. पण त्याआधी, घडीभर, मला सुटल्यासारखं वाटलं, की आता पुन्हा विचारणारं कुणी नाही.