मधल्या खांबाखाली थांबण्याआधी

मी, नेवेना झारिच, वय एकतीस, कै. बोश्को झारिच यांची मुलगी, राहणार स्तारीब्रोद, गिरणीमागची गल्ली, शहर बांधकाम मंडळाची सदस्य, लिहून ठेवते की माझी बुद्धी जागेवर आहे. झोप जागेवर नाही. पण कायदा झोपेबद्दल विचारत नाही असं बोर्का म्हणते, आणि मंडळाच्या कचेरीत ती माझ्या कितीतरी आधीपासून काम करत असल्यामुळे अशा बाबतीत मी तिचं ऐकते. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. उलट दोघांनी लिहू नको म्हणून सांगितलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कारण थोडक्यात लिहिते, म्हणजे मागे राहणाऱ्यांनी भलतेसलते अर्थ काढू नयेत. उद्या, शुक्रवारी, ल्युतित्सा नदीवरच्या नव्या पुलाची भारचाचणी आहे. कंत्राटदार ओब्राद यांचे वाळूने भरलेले ट्रक पुलावर एकामागे एक उभे राहतील. आमच्या शहराची रीत अशी, की मंडळातर्फे ज्याने कामावर देखरेख ठेवली, त्याने त्या वेळी मधल्या खांबाला होडी बांधून पुलाखाली थांबायचं. अलीकडे ही रीत कोणी पाळत नाही. मागच्या पुलाच्या वेळी खाली कोणीच नव्हतं. वर मात्र कोकरू भाजलं होतं. या पुलाची देखरेख माझ्याकडे होती. मी थांबणार आहे.

मला मरायची हौस नाही. मधल्या खांबाचा पाया खडकापर्यंत गेला आहे की नाही, हे मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या वस्तीतली मुलं याच पुलावरून बसने शाळेला येणार आहेत. त्यांच्या आईबापांनाही ते माहीत नाही. म्हणून निदान एकाने तरी खाली असावं.

कलम एक. गिरणीमागच्या गल्लीतल्या घरात माझा आणि धाकटा भाऊ ओग्न्येन याचा अर्धा-अर्धा हिस्सा आहे. माझा अर्धा हिस्सा ओग्न्येनला मिळावा. अट एकच, आमची आत्या देसांका हिला हयात असेपर्यंत तिथे राहता यावं आणि स्वयंपाकघर तिच्या मर्जीने चालावं. ओग्न्येन, स्वयंपाकघरातली मधली भिंत पाडायचा तुझा बेत तिच्यासमोर काढू नकोस. तू परवा ग्रात्सहून फोन केलास तेव्हा मी नीट बोलले नाही. तू म्हणालास, "ताई, मंडळात पाचजण आहात ना? सगळ्यांत जड कोण ते बघ आणि त्याला बसव होडीत." मला हसू आलं होतं, पण आत्या शेजारी होती.

कलम दोन. बँकेत जे काही शिल्लक असेल, त्यातून आधी आत्याच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करावी. ती "आता काय बघायचं राहिलंय" म्हणेल. ऐकू नये. माझी पहिली शाळा म्हणजे हीच बाई. ती मंडळाच्या कचेरीत टंकलेखिका होती आणि रद्द झालेल्या निविदांचे पाठकोरे कागद घरी आणायची. त्यांवर मी अक्षरं गिरवली. एका बाजूला माझा 'अ', उलट्या बाजूला गटारांचा खर्च. मी उलटी बाजूही वाचते हे लक्षात आल्यावर ती वडिलांना म्हणाली होती, "बोश्को, ही पोरगी सुखाने झोपायची नाही बघ." हा मजकूर तिला वाचून दाखवला, तेव्हा म्हणाली, "अगं बये, तुझ्या वयाच्या मुली लग्नाला कोणाकोणाला बोलवायचं ते लिहितात. तू आपली मेल्यावर कोणाला काय, ते लिहीत बसलीस." मग ती उठली आणि भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छच होती.

कलम तीन. वडिलांची हत्यारं: दोन हातोड्या, ओळंबा, पातळी बघायची लाकडी पाणसळ आणि करवतींचा जुडगा. वडील मंडळाच्या कामांवर सुतार होते. काँक्रीट ओतण्याआधीचे लाकडी साचे करायचे. साचा शेवटी काढून फेकतात, त्यामुळे त्यांच्या हातचं या शहरात काहीच दिसत नाही. हत्यारं पलीकडच्या काठावरच्या तंत्रशाळेला द्यावीत. काचेच्या कपाटात ठेवू नयेत, वापरावीत. पाणसळ मात्र ओग्न्येनची. ती पाच वर्षांच्या पोराच्या हातून पडली होती आणि मार मी खाल्ला होता. मी तेव्हाच माफ केलं होतं. तू उगाच मनात धरून बसलास.

कलम चार. मंडळातल्या सहकाऱ्यांना द्यायला माझ्याकडे वस्तू नाही, पण हिशेब मिटवायचा आहे. 'हरकतबाई' हे माझं नाव रादिशा यांनी ठेवलं. इतकी वर्षं ते सगळ्यांनी वापरलं आणि मीही कुरकुर केली नाही. आता ते पुढे येणाऱ्या सदस्याला द्यावं, मग तो पुरुष का असेना. खिडकीजवळची माझी खुर्ची बोर्काला द्यावी. तिथे उष्मक आहे आणि तिचे गुडघे दुखतात. मंडळाच्या खुर्च्या मंडळाच्या मालकीच्या असतात, हे मला माहीत आहे. तरीही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या नोव्हेंबरात आमचे अध्यक्ष व्लास्तिमिर येरेमिच यांच्या घरी त्यांच्या कुळाच्या संताचा सण होता. त्या दिवशी त्या घराचं दार सगळ्यांना उघडं असतं, म्हणून मंडळातले आम्ही पाचहीजण आणि माझी आत्या तिथे जेवायला होतो. बुधवार, त्यामुळे मांस-दूध वर्ज्य असलेलं उपासाचं जेवण: मासे, भात भरलेली कोबीची पानं आणि साखर घालून शिजवलेले गहू. तेवढ्यात ओब्राद यांचा निरोप आला: मधल्या खांबाच्या पायात खडक अपेक्षेपेक्षा वरच लागला, नदी चढते आहे, आजच्या आज काँक्रीट ओतायची परवानगी द्या. आयत्या वेळी सभा भरवता येत नाही, त्यासाठी आधी सूचना काढावी लागते. पण तातडीचं काम टेलिफोनवर मंजूर करता येतं. म्हणून अध्यक्षांनी टेबलाच्या टोकाला बसून एकेका सदस्याला फोन लावला. सगळे त्याच टेबलाशी बसलेले होते.

रादिशांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तोंडातला माशाचा काटा काढून फोन उचलला.

"हॅलो, कोण?"

"अध्यक्ष बोलतोय. आपण कुठे आहात?"

"आपल्याच घरी. मासा मस्त झालाय."

"खांबाचा विषय. मान्य?"

"मान्य, मान्य. ते लिंबू सरकवा जरा इकडे."

असं करत फोन माझ्यापर्यंत आला. मी म्हणाले, "माझी हरकत आहे. खडक कोणी पाहिला?"

"हॅलो?" अध्यक्ष म्हणाले. "हॅलो? आवाज येत नाहीये." ते माझ्यासमोरच बसले होते. थोड्या वेळापूर्वी त्यांनीच माझ्या ताटात पाव ठेवला होता. इतिवृत्तात नोंद झाली ती अशी: सदस्य झारिच यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही.

मी फोन ठेवून म्हणाले, "कूम, मी इथेच आहे." आत्याने टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "आज घरचा सण आहे. पाहुण्याने यजमानाला आडवं जाऊ नये. खडक मी स्वतः पाहिलाय, सकाळी ओब्रादबरोबर जाऊन. झालं समाधान?"

कूम म्हणजे ज्याने बाप्तिस्म्याला मला हातांवर घेतलं आणि माझं नाव ठेवलं. आमच्यात कूमचा शब्द मोडत नाहीत. वडील गेले तेव्हा शवपेटीचा पुढचा दांडा त्यांनी धरला होता. त्या दिवशी मी गप्प बसले आणि गहू खाल्ले. दुसऱ्या दिवशी पाणबुडे उतरवून पाया तपासावा असा प्रस्ताव दिला. मंडळाने तो खर्च फालतू ठरवला. वरच्या कचेरीला लिहिलं. उत्तर आलं, मंडळाला विचारा. पुन्हा प्रस्ताव दिला. पुन्हा फालतू ठरला. त्याच सभेत कठड्यावरच्या शोभेच्या दिव्यांना मंजुरी मिळाली, एकमताने. मी त्या दिवशी दमले होते आणि हात वर करायचा तेवढा केला. माझा राग तर कधीच विरला. आता फक्त थकवा आहे.

कलम पाच. माझ्या दफनाला भाषण नको. मंडळाचा हार नको; तो खर्चही मंजूर करावा लागतो. जेवणात मासे नकोत.

कलम सहा. आमच्या कायद्याने या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि साक्षीदाराला त्यातून काही देता येत नाही. पहिली साक्षीदार बोर्का आहे. खुर्ची माझ्या मालकीची नसल्यामुळे ती दिली असं धरता येत नाही. यावर आमचा अर्धा तास वाद झाला. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी कूम व्लास्तिमिर यांच्यासाठी ठेवली आहे. म्हणूनच त्यांच्या नावे काही ठेवलेलं नाही, नाहीतर वडिलांचा ओळंबा त्यांना द्यायचं माझ्या मनात होतं.

कूम, मी हे आडून लिहीत नाही. हा कागद मी स्वतः तुमच्या हातात देणार आहे आणि तुम्ही वाचून होईपर्यंत दाराशी थांबणार आहे. खडक पाहिलेले तुम्ही एकटेच आहात. तुम्ही पाहिला असेल, तर ही सही म्हणजे नुसती रीत. उद्या दुपारी आपण दोघं माझ्या भित्रेपणावर हसू, आणि मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन. तुम्ही पाहिला नसेल, तर मी उद्या कुठे बसणार आहे ते तुम्हाला माहीत आहे, आणि माझ्यानंतर त्या पुलावरून कोण जाणार आहे तेही. मी तुमच्याकडे कबुली मागत नाही. साक्षीदाराला लागते तेवढी सही मागते.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि हीच माझी शेवटची इच्छा आहे.

स्तारीब्रोद, गुरुवार, १६ मार्च २०२३

(सही) नेवेना झारिच

साक्षीदार पहिली: नेवेनाने माझ्यासमोर सही केली. तिची बुद्धी ठीक आहे. मला ती खुर्ची नको, तिने स्वतःच बसावं.
(सही) बोर्का ताद्यिच

साक्षीदार दुसरा: कागद दोनदा वाचला. पोरगी दाराशी उभी आहे, आत येऊन बस म्हटलं तर येत नाही. खडक मी पाहिलेला नाही. त्या सकाळी मी घरात मासे साफ करत होतो; ओब्राद फोनवर म्हणाला, खडक लागला; मी म्हटलं, बरं. उद्याची चाचणी रद्द करतो आहे, पुलाची दोन्ही टोकं बंद करायला आत्ताच माणसं पाठवली. पाणबुड्यांचा प्रस्ताव सोमवारी मीच मांडेन, सभागृहात, फोनवर नाही. एका साक्षीदारावर मृत्युपत्र होत नाही; हे होऊ नये म्हणूनच मी इथे सही करत नाही.