सूतगिरणीतून आलेलं पत्र

मोर्शी, १६ मे २०२४

प्रिय संध्याताई,
सप्रेम जयभीम.
फोनवर तू रागावशील, म्हणून लिहून राहिली. यंदा उन्हानं संत्र्याचा बार गळला, बागा वाळल्या. बाबाले अन् मले फेब्रुवारीपासून मजुरी नाही. गोवर्धन मुकादम गावातल्या सात पोरींले तामिळनाडूच्या सूतगिरणीत नेऊन राहिला. आठवी मी. सावलीतलं काम आहे म्हणे! तुह्या दवाखान्यातल्या पंख्याखाली बसून मले शिव्या देऊ नको. माया पातळ होऊ देऊ नको.
तुही प्रियदर्शनी

सूतगिरणी वसतिगृह, २ जुलै

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.
मी येथे अत्यंत सुखात आहे. जेवण उत्तम असते. माझा मोबाइल वॉर्डनबाईंकडे सुरक्षित आहे. कृपया भेटण्यास येण्याची तसदी घेऊ नये.
आपली कृपाभिलाषी,
प्रियदर्शनी

अकोला, ११ जुलै

तीर्थरूप बाबा,
सविनय जयभीम.
पियूचं पत्र सोबत ठेवलं. तुमी म्हणाल, पोरगी शहाणी झाली. पण आपली पियू जन्मात कधी ‘अत्यंत सुखात’ म्हणाली काय? अन् जयभीम कुठं गेला? गिरणीत सहा वेळा फोन लावला. दर वेळी ती ड्युटीवरच. मुकादम म्हणते, करार संपल्याशिवाय सोडत नाहीत. मले अन्न गोड लागत नाही. पोलिसात तक्रार दिली. रजा टाकून उद्या दोन महिला पोलिसांसोबत निघते. तुमी वेळेवर जेवत जा. आशीर्वाद असू द्या.
तुमची संध्या

मोर्शी, २० ऑगस्ट

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.
आमाले गिरणीतून सोडवून आणून तू अकोल्याले निघून गेली, तवापासून घर सुनं लागते. अजून गिरणीचा भोंगा वाजल्यासारखं वाटते, ताटावरून उठून उभी राहते. ते जुलैचं पत्र वॉर्डनबाईनं, म्हणजे मुकादमाच्या बायकोनं, समोर बसून सांगितलं होतं. जयभीम मी मुद्दाम गाळला. तिले वाटलं, पोरगी वळणावर आली.
काल पोलीस ठाण्यात माहा जबाब झाला. साहेबानं इचारलं, कोणी ओढत नेलं काय. मी नाही म्हटलं, तर त्यानं ‘स्वखुशीने गेली’ असं लिहिलं. मी म्हटलं, बाग हिरवी असती तर गेली असती काय? अन् तिथं दाराले बाहेरून कुलूप होतं, तेबी लिवा. तो म्हणे, जबाबात झाडाचं काय काम? मी सही न करता बसून राहिली. बाकीच्या सातजणीबी उठल्या नाहीत. दुपार कलल्यावर त्यानं ‘स्वखुशीने’ खोडलं अन् लिहिलं, ‘झाडं वाळली म्हणून गेली, कुलपामुळं परत येता आलं नाही.’
ते दोनदा वाचलं. मंग सही केली.
जीव लावत राह्य.
तुही पियू