रिलेची तार

अप्पा,

तुमच्या विजेच्या गिटारचे दोन्ही पिकअप, तारांखालचे ते आवाज पकडणारे, मी काढून टाकले. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना ‘ही बाई नक्की कुठे चालली आहे’ म्हणून तुम्हाला चष्मा कपाळावर चढवून बसायला नको. काढले, त्यांच्या जागी नवे बसवले, आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटलेलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या वस्तूंना हात लावताना आता घरात कुणाची परवानगी लागत नाही. आई तेवढी म्हणाली, “ते काढू नक्को गं. त्यांच्या हाताचं हाय ते.” मी विचारलं, “त्यांच्या हातचं सगळंच चांगलं होतं का, आई?” तिनं जरा विचार केला. “नव्हतं की,” म्हणाली, “चहा तर निव्वळ पाणी करायचे.” मग मी गिटार उचलली आणि रिक्षा बोलावली.

ते पिकअप तुम्ही गुंडाळलेत तो दिवस मला स्पष्ट आठवतो. मी आठवीत आहे. आपल्या विद्यानगरच्या घरातलं स्वयंपाकघर, दुपारची जेवणं उरकलेली, आणि तुम्ही हातड्रिल पाटाला शिकंज्यानं आवळून फरशीवर मांडी घालून बसला आहात. लालागुड्याच्या रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरनं ऑस्ट्रेलियाला कायमचं जाताना ही गिटार तुम्हाला देऊन टाकली, ती आली तेव्हापासूनच मुकी होती. दोन्ही पिकअपची तार आत कुठेतरी तुटलेली. तारेचं रीळ मी उलथन्याच्या दांड्यात ओवून दोन्ही हातांनी धरलं आहे, तुम्ही ड्रिलची मूठ फिरवता आहात आणि वळसे मोजता आहात. मोजता उर्दूत, कारण निजामाच्या शाळेत तुम्ही आकडे उर्दूतच शिकलात आणि भाव करतानासुद्धा मराठी आकडे तुमच्या तोंडी आले नाहीत. मधूनच मला समजावता: “बघ, खाली चुंबक. त्याच्याभोवती हे वेटोळं. वर गिटारची तार थरथरली की वेटोळ्यात वीज जागी होते, ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. झाला आवाज. जादूबिदू काही नाही.” आई बेगम बाजारातलं मेण पातेल्यात वितळवते आहे, वेटोळं त्यात बुडवायचं असतं म्हणून, आणि हे पातेलं आता स्वयंपाकातून गेलं म्हणून कुरकुरते आहे. मी तेव्हा फार सुखात होते, अप्पा. हे लिहायला मला जड जातं, पण खोटं कशाला लिहू.

तार तुम्ही बाजारातून हुडकून आणली होती, वर्कशॉपमध्ये रोज वापरत होता त्याच मापाची. सिग्नल लाल राहील की हिरवा होईल ते ठरवणारे रेल्वेचे रिले, विजेवर चालणारे ते खटके, त्यांची वेटोळी गुंडाळण्यात तुमचा जन्म गेला. रिलेची तार तुटता कामा नये. तुटली तर सिग्नल लाल होतो आणि गाडी माळावर उभी. तेव्हा तुम्ही तीच भक्कम तार घेतलीत. पिकअपचं रीळ भरलं तिथे थांबलात, हात झटकलेत आणि म्हणालात, “आता ही माझ्यानंतरही तुटणार नाही.” खरंच तुटली नाही. ते मात्र तुम्ही बरोबर बोललात.

मग तुम्ही तुटलेल्या कंगव्याच्या पाठीतून तारा छेडायला मला एक पिक कातरून दिलंत, कडा फरशीवर घासून गुळगुळीत केल्यात. त्या पिकनं मी वर्षभर वाजवलं. आवाज बारीकच यायचा. मी एकदा म्हटलं, “अप्पा, ह्यात काहीतरी कमी आहे.” तुमचं उत्तर पाठ आहे मला: “मी गुंडाळलेला एक रिले आजवर परत आलेला नाही. मशीनला नाव ठेवायच्या आधी आपला हात बघावा.” मी हात बघितला. चौदा वर्षांची मुलगी आणखी काय करणार?

त्या वर्षीच्या गणपतीत, रविवारी सकाळी, आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सभासदांचा कार्यक्रम होता. मंडळाची सगळी वायरिंग तुमच्या ताब्यात, म्हणून तुम्ही स्टेजच्या उजव्या अंगाला मेन स्विचपाशी उभे. एका भावगीताला मला साथ करायची होती. पेटी सुरू झाली, तबला सुरू झाला आणि मी नाहीशी झाले. माझे हात हलताना सगळ्यांना दिसत होते, ऐकू काहीच जात नव्हतं. मी जोर लावला, आणखी लावला, एक तार तुटली. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. गाणं संपल्यावर तुम्ही वर आलात, माझ्या गळ्यातून गिटारचा पट्टा काढलात आणि माईक अजून चालू आहे हे लक्षात न घेता सेक्रेटरींना म्हणालात, “पोरीच्या बोटांत जोर नाही. हे काम तिचं नव्हे.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी पेटी आणलीत, चांगली होती, लाकडावर नक्षी होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, “हे बरं झालं, मुलीला पेटीच शोभते.” गिटार कपाटावर चढली.

पेटी मी शिकले नाही, ते तुम्ही पाहिलंत. हे मात्र पाहिलं नाहीत, की तुम्ही ड्यूटीवर गेलात की मी स्टुलावर चढून गिटार खाली घ्यायची. ॲम्प्लिफायर तुमच्या कुलपात, म्हणून तशीच वाजवायची, आणि नुसत्या लाकडातून स्वतःला ऐकू यावं म्हणून सगळ्या अंगानं ठोकायची. बँकेत लागल्यावर पहिली खरेदी केली ती साध्या लाकडी गिटारची. तीसुद्धा तशीच ठोकत आले आजवर. विजेच्या गिटारला मात्र पुन्हा हात लावला नाही. दुकानात कुणी हातात दिली तरी मी हसून परत करायची. म्हणायची, “नको, माझ्या बोटांत जोर नाही.” तुमचं वाक्य माझंच असल्यासारखं सांगायची, अप्पा, लोकांना.

निवृत्त झाल्यावर मंडळानं विचारलं, यंदा सभासदांच्या कार्यक्रमात काही करणार का? मी हो म्हटलं आणि घरी येऊन कपाटावर बघितलं.

तारनाक्याला एकजण गिटारी दुरुस्त करतो. मूळचा पुण्याचा, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आला, नोकरी सोडली आणि गाव आवडलं म्हणून राहिला. चाळिशीचा आहे, बोलायला लागला की थांबत नाही. गिटार बघून त्याला उमाळाच आला. “काकू, एक विनंती करू का? हिच्यातलं मूळचं काही बदलू नका. जुन्या वस्तूत एक जीव असतो.” मी म्हटलं, “जीव असेल हो, आवाज नाही.” त्यानं पिकअप उघडले, मीटर लावला, भिंग घेतलं. मग म्हणाला, “ही तार कुणी घातली? फार जाड आहे. इथे केसासारखी बारीक तार लागते, तेव्हा कुठे पुरेसे वळसे बसतात. ह्या जाड तारेचे बसून बसून किती बसणार? आवाज येणार कुठून?”

मी विचारलं, “म्हणजे बोटांत जोर नसला तर असं होतं का?”

“बोटांचा काय संबंध, काकू?” तो म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

मी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसले. त्यानं पाणी दिलं. मला रडू आलं असेल असं त्याला वाटलं, पण मी रागावले होते. तुम्ही हुशार माणूस होता. वर्षभर ती गिटार तुमच्या कानांसमोर पुटपुटत होती. एकदा, फक्त एकदा, तुमच्या मनात आलं असतं की रिलेत जे गुण ते इथे दोष ठरत असतील, तर? पण रिले परत आला नव्हता ना. मग उरली कोण? पोरगी.

तेव्हा मी त्याला म्हटलं, “तुमच्याकडे सगळ्यात जोराचे कुठले आहेत? ते बसवा.” तो समजावू लागला. पिकअप असे निवडत नाहीत, कुठलं संगीत, कुठला ॲम्प्लिफायर, त्यावर ठरतं. “तुम्हाला नक्की काय हवंय?” मी म्हटलं, “मला ऐकू यायचंय.” त्यानं खांदे उडवले आणि बसवले. मी पट्टा गळ्यात घातला, हात उचलला आणि ठोका दिला. अप्पा, दुकानाच्या काचा वाजल्या. रस्त्यावरचा एकजण डोकावून गेला. पण तो आवाज नव्हता, नुसता कल्ला होता, एकही सूर दुसऱ्यापासून वेगळा निघेना. त्यानं पिकअप तारांपासून खाली उतरवून पाहिले, तरी तेच. शेवटी म्हणाला, “रागावणार नसाल तर बोलतो. तुम्ही गिटार वाजवताय की कपडे धुताय?”

त्याच्याच म्हणण्यावरून मग मधल्या ताकदीचे लावून पाहिले. त्याहून बरं वाटलं. मग त्यानं जरा भीत भीतच सगळ्यात सौम्य जोडी काढली. जुन्या पद्धतीची, बारीक तारेची पण बेताच्या वळशांची. मी तोंड वाकडं केलं, कारण मऊ काही घ्यायला मी आलेच नव्हते. लावली, आणि ठोका दिला. सहाच्या सहा तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या, स्वच्छ आणि भरपूर मोठ्या. तो म्हणाला, “तुमच्या हाताला हेच हवेत. इतका वजनदार हात मी फार कमी बघितलाय. जोर सगळा हातातच आहे, पिकअपनं कशाला लावायचा?” मी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यानं म्हटलं.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला इथे बसून ऐकू येतं आहे: बघ, माझ्या जाड तारेनंच तुझा हात घडवला. म्हणू नका. हे श्रेय मी तुम्हाला देणार नाही. स्टुलावर चढून गिटार काढली ती मी, बोटांची सालं गेली ती माझी. तुमची तार नुसती आड आली होती. पिकअप निवडले तेही मी, आणि कुणाच्या धाकानं नव्हे, स्वतःच्या कानानं. तो पुणेकर शेवटपर्यंत सांगत होता, निदान एक जुना तरी आठवण म्हणून राहू द्या. मी म्हटलं, आठवण मला पुष्कळ आहे. तुमचे दोन्ही आता आईच्या शिवणाच्या डब्यात आहेत. सुई फरशीवर पडली की ती त्यांतल्या चुंबकानं उचलते आणि म्हणते, “कामाला आले बघ.”

हे पत्र कुठे टाकायचं नाही. टाकायची सोय असती तरी टाकलं नसतं. तुम्ही उत्तरात फक्त तारेचं माप विचारलं असतं.

कार्यक्रम कालच्या रविवारी झाला. हॉल तोच, रंग नवा. पुण्या-मुंबईहून आलेली नवी कुटुंबं, त्यांची पोरं गाण्याचे शब्द मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत वाचणारी. पेटी होती, तबला होता. आई दुसऱ्या रांगेत, कानाला यंत्र लावून. मी पट्टा गळ्यात घातला, हात उचलला आणि पहिला ठोका दिला, आणि तो भिंतीवर जाऊन आपटलेला मला ऐकू आला. पेटीवाल्या बाईंनी मान वर करून पाहिलं. त्या क्षणी मी हॉलकडे पाहायला हवं होतं, आईकडे पाहायला हवं होतं. मी स्टेजच्या उजव्या अंगाला पाहिलं, मेन स्विचपाशी. तिथे मंडळाचा कुणी नवा माणूस उभा होता. तो तळहात खाली दाबून मला खुणावत होता, आवाज कमी करा.

मी कमी केला नाही. पण पाहिलं मात्र तिकडेच, अप्पा.