अर्ध्या तासावरची ताई

प्रिय ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. कमरेचं हाड कसं आहे? टाके काढले का? खरं काय ते सांग. तुझ्या ‘बरंय’चा अर्थ मला पाठ आहे. इकडे सगळे ठीक, फक्त मशीनचा पट्टा तुटलाय.

परवा फोनवर मी तुला वाटेल ते बोलले आणि फोन आदळला. ते का, ते लिहिते. मध्ये बोलू नकोस (पत्रात ही एक सोय असते).

तू म्हणालीस, एवढ्या लांब कशाला येतेस, शेजारीण बघते सगळं. म्हटलं, लांब म्हणजे किती ते बघू तरी. अर्धवट ब्लाउज तसाच टाकून तिकीटवाल्याकडे गेले. त्याच्या भिंतीवर मोठा नकाशा आहे. गळ्यात टेप होतीच. इथून तुझ्यापर्यंत लावली तर सव्वानऊ इंच. एवढ्यात धड बाहीसुद्धा होत नाही. तो म्हणाला, मावशी, आधी खाली उतरा (मी त्याच्या खुर्चीवर चढले होते), कागदच देतो. कागदावर होतं, विमान इथून सुटतं नऊ दहाला, तिथं उतरतं नऊ चाळीसला.

म्हणजे अर्धा तास. ताई, मला बाजारात जायला बसने पाऊण तास लागतो, तोही उभ्याने. आणि तू अकरा वर्षं अर्ध्या तासावर बसून ‘लांब पडतं गं’ म्हणत होतीस? डोकंच फिरलं माझं. तिथूनच फोन लावला. पुढचं तू ऐकलंसच. ‘मला बहीणच नाही’ हे त्यातलंच.

तिकीटवाला सगळं ऐकत होता मेला. म्हणाला, मावशी, ती तिकडची वेळ. तिकडचं घड्याळ अडीच तास मागे असतं. विमानात चांगले तीन तास जातात, विमानतळापासून विमानतळापर्यंत तेवीसशे किलोमीटर आहे. तिकडे सूर्यच उशिरा उगवतो म्हणे. हे मात्र मला लगेच पटलं. एका पांघरुणात झोपायचो तेव्हाही तुझ्याकडे उशिराच उजाडायचं (आणि पांघरूण सगळं तुझ्याच अंगावर).

तर माझं चुकलं. फोनवर हे तोंडातून निघत नाही, कागदावर निघतं. तू खरंच लांब होतीस हे कळल्यावर राग गेला, पण आतडं जास्तच तुटलं. राग होता तोवर बरी होते.

तुझी,
धाकटी

ता. क. शेजारीण कितीही चांगली असली तरी परक्या हाताने केस विंचरलेले तुला खपत नाहीत. मला येऊ दे. नको म्हणू नकोस.

ता. क. दुसरा. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, पत्राला आठ दिवस लागतील. माझं विमान सहाव्या दिवशी आहे. तेव्हा उत्तर पाठवत बसू नकोस. नुसती हाक मार, मी तुझ्या स्वयंपाकघरात असेन.