अक्कांचा डावा कान

अहो,

मी अक्कांना घेऊन परत दवाखान्यात जाते आहे. क्षयाची इंजेक्शनं सुरू झाल्यापासून त्या डॉक्टरांना सांगत होत्या, "मना कानमा भुंगा फिरस." डॉक्टर मान वर न करता "वय झालं, आजी" म्हणायचे आणि पुन्हा तेच इंजेक्शन लिहून द्यायचे. आज सकाळी मी सुई टोचू दिली नाही. ते ओरडले, "डॉक्टर तुम्ही की मी?" मी म्हटलं, "तुम्हीच, पण कान त्यांचा आहे."

मग सरळ मोठ्या डॉक्टरांकडे लेखी तक्रार दिली आणि तिची पोच घेतली. त्यांनी इंजेक्शन तिथल्या तिथे बंद केलं. या इंजेक्शनमुळेच डावा कान गेला, उजवा वाचेल म्हणाले. तीन वाजता तपासणी आहे.

डॉक्टरांशी वाद नको, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून अर्जावर तुमचं नाव घातलं नाही. सून म्हणून माझी सही आहे, आणि अक्कांनी आपणहून अंगठा दिला.

भाकरी टोपलीत आहे, वरण गरम करून घ्या. डाळमिलमधून आज अर्धी सुट्टी मिळाली तर तिकडेच या. अक्का दारात चप्पल घालता घालता म्हणताहेत, "पितांबरले सांग, घाबरू नको."

यशोदा